पहिलं स्पेस पॅकेट: यानांच्या सामायिक मानकांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी

टेबलावरचा आमचा बोर्ड २८१.७ अंश सेल्सिअसला तापलाय, असं पडद्यावर दिसत होतं. शेजारी वेळ होती १ जानेवारी २०३७, मध्यरात्र उलटून ३७ सेकंद. बोर्डाला हात लावून पाहिला, तर तो खोलीइतकाच गार. पेलोडचं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात लिहीत होतो, ग्राउंडचं सॉफ्टवेअर दुसऱ्या शहरातला गट लिहीत होता, आणि दोघांनीही सीसीएसडीएसचं, म्हणजे अवकाश संस्थांसाठी डेटाची मानकं ठरवणाऱ्या समितीचं, तेच निळं पुस्तक समोर ठेवून काम केलं होतं. दोन्हीकडचा कोड मानकाच्या कसोटीला पूर्ण उतरत होता. तरी आकडे खोटे येत होते, आणि ते का हे कळायला आमचे तीन आठवडे गेले.

ते तीन आठवडे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. तुम्ही विद्यार्थी उपग्रहाच्या गटात असाल, एखाद्या छोट्या पेलोडवर काम करत असाल, किंवा अवकाश क्षेत्रात नुकतेच नोकरीला लागला असाल आणि कुणीतरी तुमच्यासमोर डझनभर पीडीएफ टाकून "हे वाचून घ्या" म्हणालं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सगळी पीडीएफ पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. मी तेच केलं होतं आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच डोक्यात राहिलं नव्हतं.

हाताशी काय हवं

- स्पेस पॅकेट प्रोटोकॉल, १३३.०-बी-२. यानाची माहिती ज्या छोट्या पाकिटांत भरून पाठवतात, त्यांची रचना यात आहे. सुरुवात याच पुस्तकानं.
- टाइम कोड फॉरमॅट्स, ३०१.०-बी-४.
- टीएम स्पेस डेटा लिंक प्रोटोकॉल (१३२.०) आणि टीएम सिंक्रोनायझेशन अँड चॅनल कोडिंग (१३१.०). ही दोन सहाव्या पायरीपर्यंत उघडायची नाहीत.
- १३०.० क्रमांकाचं हिरवं पुस्तक. कोणता प्रोटोकॉल कुठल्या थरात बसतो, याचा नकाशा त्यात आहे.
- पायथन आणि वायरशार्क, म्हणजे येणारा-जाणारा डेटा उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर. वायरशार्कला सीसीएसडीएसची पॅकेटं वाचता येतात.
- कागद आणि पेन्सिल. हे मनापासून सांगतेय.
- दोन्ही गटांना उघडता आणि बदलता येईल अशी एक सामायिक फाइल. हीच पुढे तुमची आयसीडी, म्हणजे इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट होईल.

पुस्तकं सीसीएसडीएसच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. यातली बरीच मानकं आयएसओनेही स्वीकारली आहेत आणि तिथली प्रत विकत घ्यावी लागते. विद्यार्थी गटांनी तिथे पैसे घालवू नयेत.

१. आधी सांधा शोधा

मानक म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं, अख्खं यान त्याबरहुकूम बांधायचं असतं. तसं नसतं. दोन वेगळ्या माणसांनी बनवलेल्या वस्तू जिथे एकमेकींना भेटतात, त्या सांध्यापुरतंच मानक बोलतं. सांध्याच्या आत तुम्ही काय करता, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दोन यानं जोडताना. १७ जुलै १९७५ ला अपोलो आणि सोयुझ कक्षेत जोडले गेले, तेव्हा दोन सांधे सोडवावे लागले होते. पहिला यांत्रिक. तोवरच्या पद्धतीत एका यानाकडे खुंटी असे आणि दुसऱ्याकडे खोबण. व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह यांच्या रचनेत दोन्ही बाजू सारख्याच होत्या, कुणीही पुढाकार घ्यावा आणि कुणीही पकडून घ्यावं. दुसरा सांधा हवेचा. अपोलोत जवळपास शुद्ध ऑक्सिजन होता, तोही वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश दाबाला. सोयुझमध्ये आपल्यासारखीच नायट्रोजन-ऑक्सिजनची हवा, पूर्ण दाबाची. मधलं दार सरळ उघडणं शक्यच नव्हतं. म्हणून मध्ये एक स्वतंत्र डॉकिंग मॉड्यूल बसवलं, आणि जोडणीच्या काळात सोयुझने आपला दाब उतरवून सुमारे दोन तृतीयांशावर आणला.

सारख्या बाजूंची तीच कल्पना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनॅशनल डॉकिंग सिस्टिम स्टँडर्डमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर त्यासाठीचे अडॅप्टर २०१६ आणि २०१९ मध्ये बसले, आणि ३ मार्च २०१९ ला पहिलं क्रू ड्रॅगन त्यातल्या एकाला येऊन जोडलं गेलं. आपल्या स्पेडेक्सची, म्हणजे इस्रोच्या डॉकिंग मोहिमेतल्या यानांची, जोडणी १६ जानेवारी २०२५ ला झाली. तिची रचनाही याच कल्पनेच्या जवळची, पण आकारानं लहान: ४५० मिलिमीटर, दोन मोटरींवर चालणारी. आंतरराष्ट्रीय मानकाचा व्यास ८०० मिलिमीटर आहे. स्पेडेक्सच्या बातम्या वाचताना आकडे मुद्दाम शेजारी ठेवून पाहा. कल्पना सारखी असणं आणि सांधा प्रत्यक्षात जुळणं यात किती अंतर असतं, ते लगेच समजतं.

मार्च २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकातल्या भागीदार संस्थांनी खोल अवकाशासाठी अशा मानकांचे मसुदे मांडले. त्यात सात विषय होते: एव्हिऑनिक्स, संवाद, जीवनरक्षक यंत्रणा, वीज, यानांची भेट, रोबॉटिक्स आणि उष्णता. विजेचा सांधा १२० व्होल्ट डीसीचा. संवादाचं मानक मात्र बहुतांशी सीसीएसडीएसच्या पुस्तकांवर उभं आहे, आणि नवख्या माणसाच्या वाट्याला सहसा पहिल्यांदा तेच येतं. म्हणून इथून पुढे तोच एक सांधा घेते.

तुमच्या कामाचा कागद घ्या, एका बाजूला तुमची वस्तू, दुसऱ्या बाजूला त्यांची वस्तू काढा आणि मध्ये रेघ मारा. रेघेवरून काय काय जातं ते लिहा: बिट्स, वीज, उष्णता, स्क्रू. आमच्या रेघेवरून फक्त बिट्स जात होत्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. तुमचा उपग्रह हौशी रेडिओच्या पट्ट्यात बोलणार असेल आणि त्याला फक्त तुमचंच स्टेशन ऐकणार असेल, तर कदाचित तुम्हाला यातलं फारसं लागणार नाही. असे बरेच उपग्रह एएक्स.२५ या हौशी रेडिओच्या प्रोटोकॉलवर समाधानानं चालतात. दुसऱ्या संस्थेचं स्टेशन, दुसऱ्याचं यान किंवा दुसऱ्याचं सॉफ्टवेअर मध्ये येणार असेल, तर मात्र पुढे वाचा.

२. रंग पाहून पुस्तक उघडा

सीसीएसडीएस ही समिती १९८२ पासून आहे. नासा, युरोपची ईएसए, जपानची जाक्सा, फ्रान्सची सीएनईएस अशा अकरा संस्था तिच्या सदस्य आहेत. इस्रो निरीक्षक आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, त्या मोहिमेत बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या अँटेनांच्या जोडीला ईएसए आणि नासाची स्टेशनंही होती. एका देशाचं यान दुसऱ्या देशाच्या स्टेशनला ऐकू येतं, ते अशा पुस्तकांमुळे.

पुस्तकाचा रंग त्याचा अधिकार सांगतो. निळं म्हणजे मानक. मॅजेंटा म्हणजे शिफारस केलेली कार्यपद्धती. हिरवं म्हणजे समजावून सांगणारा अहवाल. नारिंगी म्हणजे प्रायोगिक. लाल म्हणजे मसुदा. चंदेरी म्हणजे निवृत्त झालेलं. '१३३.०-बी-२' मधला 'बी' ब्लूचा, आणि शेवटचा २ आवृत्तीचा.

इथे दोन खड्डे आहेत. इंटरनेटवर शोधलं की पुष्कळदा लाल किंवा चंदेरी प्रतच आधी सापडते, आणि मुखपृष्ठाकडे कुणी बघत नाही. दुसरा खड्डा आवृत्तीचा: आपल्याकडे बी-१, त्यांच्याकडे बी-२, आणि दोघंही बैठकीत "१३३" एवढंच म्हणतात. पूर्ण क्रमांक बोला, पूर्ण क्रमांक लिहा.

समजून घ्यायला हिरवं वाचा, कोड लिहायला निळं. हिरव्यातला तक्ता पाहून कोड लिहिला की कधी ना कधी फसगत होते.

३. एक पॅकेट हातानं सोडवा

बाकी काही केलं नाही तरी ही पायरी करा. हे आमचं पॅकेट, चुका सुधारल्यानंतरचं. एरवी आम्ही ते हेक्समध्ये लिहितो, पण कागदावर करायचं आहे म्हणून साध्या आकड्यांत देते. बारा बाइट आहेत:

८, ४२, १९३, ४४, ०, ५, १२६, ६, २२८, ३७, १, ११

पहिले सहा बाइट म्हणजे प्रायमरी हेडर. ते प्रत्येक पॅकेटला असतंच, आणि त्याची लांबी बदलत नाही.

पहिले दोन बाइट, ८ आणि ४२, बिट्समध्ये असे दिसतात:

०००० १००० ००१० १०१०

डावीकडून मोजा. पहिल्या तीन बिट्स आवृत्तीच्या: ०००. पुढची एक प्रकाराची: ० म्हणजे टेलिमेट्री (यानाकडून येणारी माहिती), १ असती तर टेलिकमांड (यानाला जाणारी आज्ञा). पुढची एक सांगते की सेकंडरी हेडर आहे की नाही: १, म्हणजे आहे. उरलेल्या अकरा बिट्स म्हणजे एपीआयडी, पॅकेट कुणी पाठवलं त्याचा क्रमांक: ४२. आमच्याकडे ४२ म्हणजे तापमान. अकरा बिट्समध्ये २०४७ पर्यंत आकडे बसतात. त्यातला २०४७ रिकाम्या, भरतीच्या पॅकेटांसाठी राखलेला आहे. तो स्वतःच्या कामाला घेऊ नका.

इथेच पहिली ठेच लागते. सीसीएसडीएसच्या आकृत्यांत 'बिट ०' म्हणजे सगळ्यात डावीकडची, सगळ्यात मोठ्या किमतीची बिट. तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये 'बिट ०' सगळ्यात उजवीकडची असते. दोन कागद शेजारी ठेवून काम करताना हे हमखास उलटं होतं.

पुढचे दोन बाइट, १९३ आणि ४४:

११०० ०००१ ००१० ११००

पहिल्या दोन बिट्स ११, म्हणजे हे पॅकेट अखंड आहे, तुकड्यांत आलेलं नाही. उरलेल्या चौदा म्हणजे क्रमांक: ३००. हा काउंटर प्रत्येक एपीआयडीचा वेगळा चालतो, १६,३८३ पर्यंत जातो आणि पुन्हा ० होतो. सगळ्या पॅकेटांसाठी एकच काउंटर ठेवलात, तर समोरच्या सॉफ्टवेअरला वाटेल की तुमची पॅकेटं सारखी हरवताहेत.

मग ० आणि ५. ही लांबी. पाच? पण हेडरनंतर सहा बाइट आहेत की! मानकाचा नियमच तसा आहे: हेडरनंतर जितके बाइट, त्यातून एक वजा करून लिहायचा. रिकामं पॅकेट चालत नाही, निदान एक बाइट लागतोच, म्हणून ० चा अर्थ एक धरलाय.

हा 'वजा एक' विसरला की काय होतं, ते आमच्या उदाहरणावरच पाहा. तुमचा डिकोडर पाचच बाइट वाचून थांबतो. शेवटचा ११ उरतो, आणि पुढच्या पॅकेटचा पहिला बाइट म्हणून तोच धरला जातो. मग ११ आणि ८ मिळून एपीआयडी होतो ७७६. आमच्या यादीत ७७६ नव्हताच. पुढच्या पॅकेटचा क्रमांक ३०१, म्हणजे बाइट १९३ आणि ४५. हा ४५ घसरून लांबीच्या जागी येतो आणि लांबी होते ११,५२०. आता डिकोडर पुढचे साडेअकरा हजार बाइट एकाच पॅकेटचे समजून गिळत बसतो आणि पडदा गप्प होतो. आमच्याकडे सगळ्यांनी केबल बदलून पाहिली, अँटेना पाहिली, पॉवर सप्लाय पाहिला. यादीत नसलेला एपीआयडी आणि पाठोपाठ शांतता, हे लक्षण दिसलं की आधी लांबीचा कोड उघडा.

शेवटचे दोन बाइट, १ आणि ११, म्हणजे तापमान. मोठा बाइट आधी धरला तर १ × २५६ + ११ = २६७, म्हणजे २६.७ अंश. लहान बाइट आधी धरला तर ११ × २५६ + १ = २८१७, म्हणजे २८१.७ अंश. आमचा प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवणारा होता. हेडर आम्ही काळजीपूर्वक लिहिलं होतं, पण मोजमाप मेमरीतून जसंच्या तसं उचलून पॅकेटात टाकलं होतं. म्हणजे तारेवर ते ११, १ असं गेलं आणि ग्राउंडने ते सरळ वाचलं.

या बाबतीत मानकाचा दोष काढता येत नाही. हेडरनंतर काय आणि कोणत्या क्रमानं ठेवायचं, यावर स्पेस पॅकेट प्रोटोकॉल काहीच म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवायचं असतं, आणि आम्ही ठरवलं नव्हतं.

४. वेळेला जन्मतारीख द्या

मधले चार बाइट, १२६, ६, २२८, ३७, हे आमचं सेकंडरी हेडर: सीयूसी पद्धतीनं, म्हणजे ठरलेल्या क्षणापासूनचे सेकंद मोजून, लिहिलेली वेळ. सगळं मिळून आकडा होतो २,११,४३,८०,८३७ सेकंद. पण केव्हापासून?

कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस न विचारता १ जानेवारी १९७० धरतो. ग्राउंडने तेच धरलं आणि २०३७ साल आलं. सीसीएसडीएसची स्वतःची सुरुवात आहे १ जानेवारी १९५८. दोन्हींत ४,३८३ दिवस, म्हणजे नेमकी बारा वर्षं. आम्ही चाचणीसाठी घड्याळ २०२५ च्या पहिल्या क्षणाला लावलं होतं. त्यात बारा मिळवा.

आणि ते वरचे ३७ सेकंद? १९५८ पासूनची ही मोजणी टीएआय या अणुघड्याळाच्या वेळेनं चालते, तिच्यात लीप सेकंद नसतात. आपल्या रोजच्या यूटीसीपेक्षा टीएआय ३७ सेकंदांनी पुढे आहे. बारा वर्षांची चूक लगेच डोळ्यांत भरते. ३७ सेकंदांची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि लघुग्रहाजवळून जाणाऱ्या यानाच्या फोटोंची वेळ तेवढ्यानंही चुकते.

सीयूसीत वेळेच्या आधी पी-फील्ड नावाचा एक बाइट ठेवता येतो. सुरुवात कुठली, सेकंदांना किती बाइट, अपूर्णांकाला किती, हे तो सांगतो. जागा वाचवायला तो गाळायचीही मुभा आहे. आम्ही गाळला होता. गाळायला हरकत नाही, पण मग तीच माहिती कागदावर असायला हवी. तुमच्या संस्थेनं स्वतःची वेगळी सुरुवात ठरवली असेल, तरीही मानक ती चालवून घेतं, म्हणून तर हे लिहून ठेवणं आणखी गरजेचं.

५. प्रत्येक 'मे' आयसीडीत उतरवा

निळ्या पुस्तकातली वाक्यं तीन क्रियापदांवर चालतात. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल. 'शुड' म्हणजे करावं हे बरं. 'मे' म्हणजे तुमची मर्जी. पहिल्या वाचनात सगळं लक्ष 'शॅल'कडे जातं, कारण ते कोडमध्ये उतरवायचं असतं. पण भांडणं होतात ती 'मे'मुळे. 'शॅल' दोघंही पाळतात. 'मे' दिसलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ घेतो आणि समोरच्यानंही तोच घेतला असणार असं गृहीत धरतो.

म्हणून पुस्तक दुसऱ्यांदा वाचा, फक्त 'मे' शोधत. प्रत्येक 'मे' समोर आपला निर्णय सामायिक फाइलमध्ये लिहा. हे काम सोपं करणाऱ्या दोन जागा पुस्तकातच आहेत आणि त्या कुणी उघडत नाही. एक म्हणजे 'मॅनेज्ड पॅरामीटर्स'चं प्रकरण: दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घ्यायच्या गोष्टींची ती तयार यादी आहे. दुसरी म्हणजे परिशिष्टातला पीआयसीएसचा तक्ता, ज्यात मानकातलं तुम्ही काय पाळता आणि काय नाही यावर खुणा करायच्या असतात. दोन्ही गटांनी तो वेगवेगळा भरा आणि मग शेजारी ठेवा. आमच्या तक्त्यांत पहिल्याच बैठकीत चार ओळी वेगळ्या निघाल्या.

आता आमच्या फाइलमध्ये एपीआयडी ४२ साठी असं लिहिलंय:

- मानक: १३३.०-बी-२.
- सेकंडरी हेडर: असतं. ४ बाइट, सीयूसी, पी-फील्ड नाही, सुरुवात १ जानेवारी १९५८, टीएआय.
- तापमान: १६ बिट, चिन्हासहित, मोठा बाइट आधी, एकक ०.१ अंश सेल्सिअस.
- काउंटर: बोर्ड रीबूट झाला की ० पासून.
- नमुना पॅकेट: वरचे बारा बाइट आणि त्यांचं अपेक्षित उत्तर, १ जानेवारी २०२५, ००:०० यूटीसी, २६.७ अंश.

'चिन्हासहित' हा शब्द नंतर घातला. उणे ५ अंश म्हणजे -५०, आणि तारेवर ते जातं २५५, २०६ असं. बिनचिन्हाचं समजून वाचलं तर पडद्यावर ६५४८.६ अंश येतात. पुण्याच्या खोलीत तापमान कधी शून्याखाली जात नाही, त्यामुळे ही चूक आम्हाला टेबलावर दिसलीच नव्हती.

एकक लिहायला लाजू नका. मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळावर गमावलं, कारण एका फाइलमधले धक्क्यांचे आकडे पौंड-फोर्स सेकंदांत होते आणि वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ते न्यूटन-सेकंदांत हवे होते. एक पौंड-फोर्स सेकंद म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन-सेकंद. मेट्रिक एकक हवं असं त्या सांध्याच्या दस्तऐवजात लिहिलेलं होतं, ते प्रत्यक्षात पाळलं गेलं नाही. म्हणून नुसतं एकक लिहून थांबू नका. शेजारी नमुना पॅकेट ठेवा, म्हणजे समोरच्याला ते चालवून पाहता येईल.

अजून एक गोंधळ इथेच मिटवा. युरोपीय भागीदार असेल तर तो पीयूएसचं नाव घेईल. ते ईसीएसएस या युरोपीय मानकसंस्थेचं मानक आहे, स्पेस पॅकेटच्या वर बसतं, आणि सेकंडरी हेडरमध्ये काय हवं, कोणती सेवा कोणत्या क्रमांकाची, हे ठरवतं. "आम्ही सीसीएसडीएस पाळतो" म्हणजे पीयूएस पाळतो असं होत नाही. सरळ विचारून घ्या.

६. फ्रेम आणि कोडिंग: तयार लायब्ररी तपासूनच घ्या

पॅकेटं एकटी उडत नाहीत. ती ठरावीक लांबीच्या फ्रेममध्ये भरली जातात, फ्रेमला चुका दुरुस्त करणारा कोड लागतो आणि पुढे खुणेचे चार बाइट लागतात: २६, २०७, २५२, २९. रेडिओच्या गोंगाटात फ्रेम कुठे सुरू झाली, हे स्टेशनला या खुणेवरून कळतं. तुमचं रेडिओचं काम दुसरा कुणी करत असेल, तर ही पायरी वरवर वाचली तरी चालेल. स्वतः करत असाल, तर नवख्यांना अडवणाऱ्या जागा एवढ्या:

- पॅकेट फ्रेमच्या काठावर तुटून पुढच्या फ्रेममध्ये जाऊ शकतं. नवीन पॅकेट कुठे सुरू होतं ते फ्रेमच्या हेडरमधला 'फर्स्ट हेडर पॉइंटर' सांगतो. तो २०४७ असेल तर या फ्रेममध्ये एकही पॅकेट सुरू होत नाही. एका फ्रेममध्ये एकच पॅकेट मावतं असं धरून लिहिलेला कोड पहिल्या मोठ्या पॅकेटला कोसळतो.
- रीड-सॉलोमन (२५५, २२३) मध्ये २२३ बाइट माहितीला ३२ बाइट जोडले जातात आणि १६ बाइटांपर्यंतच्या चुका सुधारता येतात. पण सीसीएसडीएस बाइट 'ड्युअल बेसिस'मध्ये लिहितं. इंटरनेटवरची सर्वसाधारण रीड-सॉलोमन लायब्ररी नेहमीच्या बेसिसमध्ये चालते. आकडे तेच, बहुपदीही बरोबर, तरी एकही फ्रेम सुटत नाही.
- कॉन्व्होल्यूशनल कोड या चुका सुधारणाऱ्या दुसऱ्या कोडच्या दोन आउटपुटांपैकी दुसरं उलटं केलेलं असतं. तयार डिकोडरमध्ये ते बहुधा पर्याय म्हणून असतं आणि बंद असतं.
- रँडमायझर (बिट्स मुद्दाम विस्कटणारा टप्पा) खुणेच्या चार बाइटांवर लावायचा नाही.

यानाचा क्रमांक मनानं टाकू नका. तो साना या नोंदणी संस्थेकडून मिळतो. चाचणीसाठी टाकलेला आकडा तसाच उड्डाणापर्यंत जातो, हे मी दोनदा पाहिलंय.

मंगळावर हे सगळं रोज चालतं. नासाच्या रोव्हरची माहिती ईएसएच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरमार्फतही पृथ्वीवर येते, आणि त्या दोघांमधला यूएचएफ दुवा प्रॉक्सिमिटी-१ या सीसीएसडीएसच्या मानकावर बोलतो. त्याच ऑर्बिटरसोबत गेलेला शियापारेल्ली लँडर १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळाच्या वातावरणात शिरला, तेव्हा त्याचा क्षीण यूएचएफ सिग्नल नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनं थेट पकडला होता. जुन्नरच्या पठारावरच्या त्या तबकड्या दिसल्या की मला अजून अंगावर काटा येतो.

७. आपला कोड आपल्याच डिकोडरनं तपासू नका

पॅकेट बनवणारा कोड आणि सोडवणारा कोड एकाच माणसानं लिहिला, तर दोन्हींत एकच गैरसमज शिरतो आणि चाचणी हसतखेळत पास होते. आमच्याकडे बाइटचा क्रम दोन्हीकडे उलटा होता, त्यामुळे आमच्या पडद्यावर २६.७ च दिसत होतं. दुसऱ्या गटाच्या पडद्यावर गेल्यावर ते २८१.७ झालं.

म्हणून तिसऱ्या कुणाच्या तरी हत्यारानं सोडवा. वायरशार्कनं हेडर तपासा. याम्क्ससारख्या मुक्त ग्राउंड सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पॅकेटचं वर्णन भरा. फ्रेमसाठी जीएनयू रेडिओ आहे. आणि चाचणी नीटनेटक्या परिस्थितीत करून थांबू नका. ईएसएचा हॉयगेन्स प्रोब शनीच्या टायटन या चंद्राकडे निघाला, तेव्हा त्याला ऐकणारा कॅसिनी यानावरचा रिसीव्हर डॉप्लरमुळे (दोन यानं एकमेकांच्या सापेक्ष हलत असल्यामुळे) बदलणारी वाहक लहर सांभाळत होता. पण त्याच डॉप्लरमुळे डेटाच्या बिट्सचा वेगही बदलतो, ते त्याच्यात धरलेलं नव्हतं. उड्डाणानंतर, २००० साली, ईएसएचे इंजिनिअर बोरिस स्मेड्स यांनी पृथ्वीवरून तसाच बदलता सिग्नल पाठवून पाहण्याचा आग्रह धरला, तेव्हा ते उघड झालं. मग कॅसिनीचा मार्गच असा बदलला की डॉप्लर कमी राहील, आणि १४ जानेवारी २००५ ला हॉयगेन्स टायटनवर उतरताना त्याची माहिती हाती लागली.

तुमच्या पातळीवर हे एका दुपारीत होतं. कोडची एक ओळही लिहायच्या आधी ते बारा बाइट एका फाइलमध्ये भरा आणि समोरच्या गटाला ईमेल करा. सोबत आयसीडी पाठवा, उत्तर पाठवू नका. त्यांनी ते कागदावर सोडवून तारीख आणि तापमान कळवायचं. उत्तर चुकलं तर कुणाचं चुकलं यावर वाद घालू नका; आयसीडीतली जी ओळ दोन प्रकारे वाचता आली, ती शोधून बदला.

बरोबर आलं की दुसरं पॅकेट पाठवा: तोच एपीआयडी, काउंटर १६,३८३, तापमान उणे ५ अंश. त्याच्या पाठोपाठ तिसरं, काउंटर ० चं. मग मुद्दाम मधूनच तोडलेलं एक, आणि २०४७ एपीआयडीचं रिकामं एक. आमच्या गटात नवीन मुलगी किंवा मुलगा आला की पहिल्या दिवशी या पाच फाइल आणि पेन्सिल हातात देतो. बहुतेक जण जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्या फाइलशी अडतात, ६५४८.६ अंश घेऊन माझ्या टेबलापाशी येतात, आणि मग आम्ही दोघं मिळून आयसीडीतली तापमानाची ओळ पुन्हा वाचतो.